सिकलसेलची मुलं, त्यांचं जेवण आणि त्यावरचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, मेळघाट या भागांतले पालक, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आश्रमशाळांचे अधीक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. मुलाच्या चालू औषधाचा डोस हे वाचून बदलू नका. तो तपासण्या पाहूनच ठरतो.

१. सिकलसेल हा रक्ताचा आजार. मग जेवणाचा त्याच्याशी काय संबंध?

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या मुलाची पेशी साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. ती भरून काढायला हाडांतला मगज रात्रंदिवस नव्या पेशी तयार करतो. रक्त कमी म्हणून हृदयालाही जास्त धडधडावं लागतं. या सगळ्याला इंधन लागतं, म्हणून नुसतं पडून असतानाही या मुलांच्या शरीराचा खर्च बरोबरीच्या मुलांपेक्षा सुमारे १० ते २० टक्के जास्त असतो. त्यात दुखणं आलं की भूक मरते. म्हणून एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एक वाढतं आणि दुसरं बारीक राहतं. आईच्या हातात किंवा तिच्या मायेत यात काही कमी नसतं.

जेवणाने सिकलसेल जात नाही, तो जनुकात असतो. पण उपाशी आणि तहानलेल्या मुलाला हाच आजार जास्त छळतो.

२. कार्डावर ‘एएस’ लिहिलंय. हे सगळं आमच्या पोरालाही लागू होतं का?

नाही. एएस म्हणजे वाहक : सिकलसेलचं जनुक फक्त एकाच पालकाकडून आलेलं, आजार नाही. वाहक मुलाला वेगळ्या आहाराची गरज नाही. शाळेतली लोहाची गोळीही त्याने इतरांसारखीच घ्यावी. भर उन्हात खूप पळापळ असेल तर पाणी भरपूर प्यावं, इतकंच.

पुढचं सगळं एसएस (दोन्ही पालकांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या) आणि एस-बीटा थॅलेसेमिया (एकाकडून सिकलसेलचं, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आलेल्या) रुग्ण मुलांसाठी आहे. मात्र गावातल्या शिबिरात फक्त सोल्युबिलिटीची चाचणी झाली असेल, तर त्यावरून वाहक की रुग्ण हे कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी झाल्याशिवाय कोणताही शिक्का मानू नका.

३. जास्त खायला द्या म्हणतात. जास्त म्हणजे नेमकं किती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला १३६० कॅलरी आणि १६ ग्रॅम. त्यावर १५ ते २० टक्के धरले तर मोठ्याला साधारण २५० ते ३४० आणि लहान्याला २०० ते २७० कॅलरी रोज वर हव्यात.

घरातल्या मापात सांगायचं तर ३० ग्रॅम, म्हणजे मुलाच्या दोन मुठी भाजलेले शेंगदाणे (१७० कॅलरी), सुपारीएवढा गूळ (५५ ते ६०) आणि एक उकडलेलं अंडं (सुमारे ७५). एवढ्यात ३०० कॅलरी आणि १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. अंडं खात नसतील तर त्याजागी ३० ग्रॅम फुटाणे द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचं कूट किंवा फुटाण्याचं पीठ गुळात कालवून द्या. काळपट, कडू, बुरशी आलेले दाणे स्वस्त मिळाले तरी टाळा. त्या बुरशीचं विष यकृताला मारक असतं आणि ते भाजून जात नाही.

इथे एक गोष्ट नेहमी चुकते. ‘जास्त’ म्हणून मुलाला पातळ वरणाची आणि कण्यांच्या पेजेची मोठी वाटी दिली जाते. पोट पाण्याने भरतं आणि अन्न थोडंच जातं. वाटी लहानच ठेवा, पण घट्ट करा. वरण-भातावर किंवा झुणक्यावर एक छोटा चमचा (५ मिली) तेल वरून घातलं की ४५ कॅलरी वाढतात आणि पोट जड होत नाही. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. सकाळी शाळेत जाण्याआधीचं खाणं तर कधीच चुकवू नका. चहा-बिस्कीट म्हणजे नाश्ता नव्हे.

४. आमच्याकडे रोज दूध, अंडी, मटण परवडत नाही. काय करावं?

धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की दोघांची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे माप धरा. ज्वारीची भाकर आणि तुरीचं घट्ट वरण, भात आणि चण्याची उसळ, किंवा भाकर आणि बेसनाचा झुणका, यांतलं काहीही चालेल. गोंदिया-भंडाऱ्याकडे वाळलेली झिंगे आणि सुकट मिळते. तिच्यात प्रथिनं आणि जस्त दोन्ही असतात. ती भाजून, कुटून भाजीत घातली तर थोडीही पुरते. मीठ जास्त असेल तर आधी धुवून घ्या.

शाळेतला पोषण आहार हक्काचा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० आणि ३० ग्रॅम, असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. मूल दुखण्यामुळे घरी असेल तर तो आहार घरी न्यायला मिळेल का, ते सेविकाताईंना विचारा. संकोच करू नका.

५. लाखोळीची डाळ चालते का?

अधूनमधून चालते. पण महिनोन्महिने ती मुख्य डाळ म्हणून नको. लाखोळीतल्या एका घटकामुळे पायांतली ताकद कायमची जाऊ शकते, आणि हा धोका कुपोषित शरीराला जास्त असतो. करायचीच असेल तर गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा भरपूर पाण्यात शिजवा आणि तेही पाणी ओतून द्या. तूर, मूग किंवा चणा मिळत असेल तर या मुलाच्या ताटात तेच वाढा.

६. पोरगा दहा वर्षांचा झाला तरी रात्री अंथरूण ओलं करतो. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं तर चालेल?

कृपा करून बंद करू नका. यातून होणारं नुकसान मोठं आहे.

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या लहानपणीच खराब होतात. त्यामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. शरीराला पाण्याची गरज असली तरी पातळ लघवी जातच राहते. अंथरूण ओलं होतं ते यामुळे, आळसामुळे किंवा भीतीमुळे नाही. आपण पाणी तोडलं तरी लघवी थांबत नाही, फक्त रक्त घट्ट होतं. घट्ट रक्तात पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि पहाटे हाडं दुखायला लागतात.

पाण्याचा किमान हिशोब वजनावरून करता येतो. पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोला किलोमागे ५० मिली, त्यावरच्या प्रत्येक किलोला २० मिली. म्हणजे १० किलोच्या मुलाला १ लिटर, २० किलोला दीड लिटर, ३० किलोला १.७ लिटर. यात ताक, वरण, दूधही धरा. ही खालची मर्यादा आहे. ताप, जुलाब किंवा ऊन असेल तर यापेक्षा जास्त लागेल.

अंथरुणासाठी झोपण्यापूर्वी लघवीला न्या, रात्री एकदा उठवा, खाली प्लास्टिक घाला. मारू नका, चारचौघांत लाजवू नका. आश्रमशाळेत अधीक्षकांना हे कारण लेखी सांगा. वर्गात पाण्याची बाटली ठेवायची आणि विचारल्याबरोबर लघवीला जायची परवानगी या मुलाला असायला हवी. लाजेपोटी दिवसभर पाणी न पिणारी मुलं, विशेषतः मुली, संध्याकाळी दुखण्याने कळवळतात.

७. मे महिन्यात काय वेगळं करायचं?

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा प्रश्न ६ मधल्या हिशोबावर अर्धा लिटर तरी वाढवा, आणि तहान लागायची वाट पाहू नका. दर तासाला अर्धा पेला द्या. ज्वारीची आंबील आणि पातळ मठ्ठा उत्तम, कारण त्यांतून पाणी, थोडं मीठ आणि अन्न तिन्ही जातं. रंगीत पेप्सी आणि बाटलीतली थंड पेयं हा पाण्याला पर्याय नाही. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने टाकल्यास मिठाचं प्रमाण चुकतं. तेंदूपत्ता किंवा मोहफुलं वेचायला या मुलाला दुपारी नेऊ नका. तळ्याच्या गार पाण्यात अचानक उडी मारणंही टाळा. अंग एकदम गार पडलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं उठू शकतं.

८. हिमोग्लोबिन ७ आहे. लोहाचं टॉनिक सुरू करू का?

तपासणीशिवाय नाही. या आजारात रक्त लोह कमी पडल्यामुळे कमी झालेलं नाही, पेशी लवकर फुटल्यामुळे कमी झालं आहे. फुटलेल्या पेशींमधलं लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. म्हणून टॉनिकच्या बाटल्या संपतात, आकडा मात्र तिथेच राहतो. एसएस मुलांचं नेहमीचं हिमोग्लोबिन अनेकदा ७ ते ९ च्या दरम्यान असतं. तुमच्या मुलाचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. त्याच्यापेक्षा २ ने खाली गेला तर ते संकट आहे. त्यावर उपाय टॉनिक नाही, दवाखाना आहे.

याला अपवाद आहेच. कधीच रक्त न चढवलेल्या, कमी खाणाऱ्या, जंत असलेल्या किंवा पाळी सुरू झालेल्या मुलांत सिकलसेलबरोबर खरोखरची लोहाची कमतरताही असू शकते. ते फेरिटिन या, शरीरात साठलेलं लोह दाखवणाऱ्या, रक्ततपासणीवरून कळतं. पण फेरिटिन ताप आणि दुखण्यात खोटं वाढतं, म्हणून ती तपासणी दुखणं बरं होऊन तीन-चार आठवडे गेल्यावर करावी. कमी निघालं तर डॉक्टर लोह देतील, तेही ठरावीक मुदतीपुरतं.

९. शाळेत दर आठवड्याला गुलाबी किंवा निळी गोळी देतात. ती घ्यावी का?

गुलाबी गोळीत (५ ते ९ वर्षं) ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, निळीत (१० ते १९ वर्षं) ६० आणि ५००. ज्या मुलाला वारंवार रक्त चढवतात, त्याने ती घेऊ नये. बाकी एसएस मुलांचं डॉक्टरांनी ठरवावं. त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन शाळेत द्या, म्हणजे दर सोमवारी वाद होणार नाही. चुकून एखादी गोळी घेतली तर घाबरण्यासारखं काही नाही. वाहक मुलांसाठी प्रश्न २ पाहा.

१०. मग पालक, मेथी, लोखंडी कढई, गूळ सगळं बंद करायचं?

नाही! ही भीती विनाकारण पसरली आहे आणि त्यापायी मुलांच्या ताटातली हिरवी भाजीच गेली. भाजीतलं लोह फार थोडं शोषलं जातं. मुंगना, अंबाडी, तरोटा, चवळी, पालक बिनधास्त द्या. त्यांतून फोलेट आणि इतर जीवनसत्त्वं मिळतात.

फक्त नियमित रक्त चढवणाऱ्या मुलांनी जपायचं. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. अशा मुलाला कलेजी वारंवार देऊ नका आणि लोह घातलेली पावडर अजिबात नको. पण त्यांच्यातही खरा भार पिशवीतून येतो, भाजीतून नाही. तो उतरवायला वेगळं औषध लागतं.

११. फॉलिक ॲसिडची गोळी रोज देतो. खरंच उपयोग होतो का?

नव्या पेशी बनवायला फोलेट लागतं म्हणून भारतात ती गोळी सर्रास दिली जाते. संशोधनाचा आधार मात्र तोकडा आहे. मुलांवरची मुख्य चाचणी जमैकात झाली, तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये आले, आणि गोळी घेणाऱ्या मुलांच्या हिमोग्लोबिनमध्ये किंवा वाढीत ठळक फरक दिसला नाही. तरीही आपल्याकडे ती बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. तिथल्या आणि इथल्या ताटात फरक आहे, आणि पावसाळ्याआधी भाजी महाग होते तेव्हा फोलेटच आधी कमी पडतं. गोळी स्वस्त आहे, धोका नगण्य आहे. डॉक्टरांनी लिहिली असेल तर चालू ठेवा. शाळेची आठवड्याची गोळी हा तिला पर्याय नाही.

१२. जस्ताचं सिरप दिलं तर उंची वाढते असं ऐकलं. खरं आहे का?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण पोषणाचं संशोधन कसं वाचावं ते यातून कळतं.

सिकलसेलमध्ये लघवीतून जस्त जास्त जातं. वर आपलं मुख्य अन्न ज्वारी, तांदूळ आणि डाळी. त्यांतलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं आणि ते शोषू देत नाही. म्हणून कमतरता असणं साहजिक आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला ४ ते १० वर्षांच्या ४२ एसएस मुलांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज १० मिलिग्रॅम जस्त, अर्ध्यांना प्लासिबो (दिसायला तसंच, पण बिनऔषधाचं), बारा महिने. निष्कर्ष २००२ मध्ये आले. जस्त घेणाऱ्यांची उंची सरासरी अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरने जास्त वाढली.

मग युगांडात पाच वर्षांखालच्या २५० मुलांना तोच १० मिलिग्रॅमचा डोस वर्षभर देऊन पाहिला. तिथे प्रश्न वेगळा होता : जस्ताने जंतुसंसर्ग कमी होतात का? ते कमी झाले नाहीत.

या दोन चाचण्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. वय, आहार, तिथले आजार सगळं वेगळं होतं. म्हणून कुणी ‘जस्ताने सिकलसेल बरा होतो’ असं म्हटलं तर विचारा : काय मोजलं, किती मुलांवर, किती दिवस? गडचिरोलीतल्या भात-डाळीवर वाढणाऱ्या मुलांचं उत्तर फिलाडेल्फियातून येणार नाही. ते इथेच शोधावं लागेल. म्हणूनच इथे अभ्यास होण्याची गरज आहे (प्रश्न १९ ते २३).

तोवर डॉक्टरांनी सांगितलं तर ठरलेल्या मुदतीपुरतंच सिरप द्या. जास्त जस्त घेतलं तर तांबं कमी पडतं आणि त्यानेही रक्त घटतं. घरचा उपाय म्हणजे मोड आणणं आणि आंबवणं. मोडाची मटकी आणि मूग, आंबवलेली आंबील यांत फायटेट कमी होतं. जुलाबात मात्र सहा महिन्यांवरच्या मुलाला १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त हा ठरलेला उपचार आहे, तो या मुलांनाही लागू आहे.

१३. जवसात ओमेगा-३ असतं. रोज जवसाची चटणी दिली तर दुखणं कमी होईल?

सुदानमध्ये २ ते २४ वर्षांच्या १४० रुग्णांवर वर्षभराची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये छापून आली. ओमेगा-३ घेणाऱ्यांत दुखण्याचे झटके कमी झाले. पण त्या कॅप्सूलमध्ये माशांच्या तेलातलं डीएचए आणि ईपीए होतं. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं आणि शरीर त्याचा अगदी थोडा भाग डीएचए-ईपीएमध्ये बदलतं. म्हणून तो निष्कर्ष जवसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

चटणी जरूर द्या. भाजून, कुटून, भाकरीबरोबर दोन छोटे चमचे. चांगली चरबी आणि चव दोन्ही मिळतात आणि दुखण्यातून उठलेलं मूल चटणीच्या निमित्ताने दोन घास जास्त खातं. ती औषधाची जागा घेईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

१४. डब्यातली प्रोटीन पावडर घ्यावी का? ग्लुटामिनचं औषध म्हणजे तीच का?

नाही. एल-ग्लुटामिनला अमेरिकेत २०१७ मध्ये पाच वर्षांवरच्या सिकलसेल रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ते वजनावर मोजून द्यायचं शुद्ध औषध आहे. दुकानातल्या पावडरचा त्याच्याशी संबंध नाही. तिच्यात बरीच साखर असते आणि बहुतेक वेळा लोहही घातलेलं असतं (प्रश्न १०). त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

१५. मूल नीट वाढतंय की नाही, घरी किंवा अंगणवाडीत कसं ओळखायचं?

दर तीन महिन्यांनी मोजा आणि तक्त्यावर टिंब काढा. एका मापावरून काहीच ठरत नाही. रेष वर चालली आहे, सपाट झाली आहे की खाली येतेय, ते पाहा.

वजन एकाच काट्यावर, अनवाणी, हलक्या कपड्यांत, लघवी करून आल्यावर घ्या. काटा आधी शून्यावर आणा. उंची दोन वर्षांवरच्या मुलाची उभ्याने, त्याखालच्याची आडवं ठेवून. टाचा, कुल्ले, खांदे आणि डोकं भिंतीला टेकलेलं, नजर समोर. वेणी किंवा अंबाडा सोडा. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दंडघेर डाव्या दंडाचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. पट्टी कातडीला टेकलेली, पण रुतलेली नको.

सिकलसेलच्या मुलात एक अडचण येते. पानथरी, म्हणजे प्लीहा, खूप वाढली असेल तर तिचंच वजन भरतं आणि मूल काट्यावर ‘ठीक’ दिसतं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट पुढे आलेलं असेल तर वजनावर विसंबू नका, दंडघेर पाहा.

वयात येणं या मुलांत एक-दोन वर्षं उशिरा होतं. चौदाव्या वर्षी बरोबरीचे उंच दिसतात आणि आपला बुटका, म्हणून खचू नका. पुढे बरीच मुलं उंची गाठतात. पण मुलीत १३ आणि मुलात १४ वर्षांपर्यंत कोणतीच खूण दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

१६. दंडघेर ११ आला. सिकलसेलही आहे. आधी कुठे न्यायचं?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल, तर ते अतितीव्र कुपोषण आहे. सोबत ताप, सूज, धाप किंवा भूक अजिबात नसेल तर त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या रुग्णालयात न्या. भूक चांगली आणि बाकी काही त्रास नसेल तर ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होऊ शकतो. दोन्हीकडे सिकलसेलचं कार्ड पहिल्याच मिनिटाला दाखवा. कुपोषणाच्या नेहमीच्या उपचारात पुढे लोह सुरू करतात आणि ते इथे विचार करूनच द्यावं लागतं. कुपोषित मुलाला शिरेतून पाणीही जपून द्यावं लागतं, सिकलसेलच्या दुखण्यात मात्र पाणी भरपूर द्यायची सवय असते. दोन आजार एकत्र असल्याचं माहीत नसेल तर इथेच गोंधळ होतो.

पाच वर्षांवरच्यांसाठी ही पट्टी लागू नाही. त्यांचा वयानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढतात. अशा मोठ्या मुलांकडे कुपोषणाच्या योजना फारसं पाहतच नाहीत, आणि सिकलसेलमध्ये कुपोषण याच वयात वाढतं. टांझानियात ८ ते ११ वर्षांच्या मुलांना तयार पूरक अन्न दिल्यावर वाढ सुधारली. नायजेरियात ५ ते १२ वर्षांच्या अतिकुपोषित सिकलसेल मुलांवर घरी राहून तयार उपचारात्मक अन्न देण्याचा अभ्यास झाला. त्या अन्नाचं एक ९२ ग्रॅमचं पाकीट म्हणजे ५०० कॅलरी. आपल्याकडच्या मोठ्या मुलांसाठीही असा विचार व्हायला हवा.

१७. दुखणं उठलं की मूल काहीच खात नाही. जबरदस्ती करावी का?

नको. त्या दोन-तीन दिवसांत पाणी महत्त्वाचं : दर १५ मिनिटांनी दोन-तीन घोट. मऊ खिचडी, दुधात कालवलेली पोळी, केळं, जे मागेल ते. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध वेळेवर द्या. वेदना कमी झाली की भूक आपोआप येते.

खरी वेळ त्यानंतरची असते. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या. हे राहून जातं, आणि प्रत्येक झटक्यात गेलेलं वजन परत येतच नाही.

ताप ३८.५ अंश सेल्सिअस (१०१.३ फॅरनहाइट) किंवा जास्त, छातीत दुखून धाप लागणं, अचानक पांढरंफटक पडणं, पोटाची डावी बाजू फुगणं, हात-पाय किंवा तोंड वाकडं होणं : यांतलं काहीही दिसलं तर घरी जेवणाचे उपाय करत बसू नका, लगेच न्या.

१८. हायड्रॉक्सीयुरियाबरोबर काही पथ्य आहे का?

खाण्याचं पथ्य नाही. रोज एकाच वेळी, पाण्याबरोबर. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर द्या. उपवासाच्या दिवशीही बंद नाही, आणि या मुलांनी कडक उपवास धरूच नये. कॅप्सूल उघडून अंदाजाने अर्धी करू नका. रक्ताची तपासणी ठरलेल्या तारखेला करा. हे औषध लागू पडलं की दुखणी कमी होतात, पेशी जास्त टिकतात, आणि खाल्लेलं अन्न वाढीसाठी उरतं.

१९. गावात अभ्यासवाले आलेत. आहाराच्या संशोधनात मुलाला सामील करावं का?

हो म्हणण्याआधी हे विचारा : नैतिकता समितीची मंजुरी आहे का? उपचाराची चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक काय? (तो ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो.) काय देणार, किती दिवस, किती वेळा यावं लागेल, रोजी बुडेल तिचं आणि गाडीभाड्याचं काय? अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार कोण करेल? नेहमीची औषधं चालूच राहतील ना?

माहितीपत्रक तुमच्या भाषेत हवं आणि ते घरी नेऊन वाचायला वेळ मिळायला हवा. मराठी नीट समजत नसेल तर गोंडी, माडिया, कोरकूमध्ये समजावून सांगायला हवं. अंगठा लावणार असाल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सोबत हवा. मुलालाही विचारायचं असतं : ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी, १२ ते १८ ची लेखी संमती लागते. मूल नको म्हणालं तर त्याचा मान राखला पाहिजे. तुम्ही कधीही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे दवाखान्यातला उपचार थांबू शकत नाही. कुणी तसं धमकावलं तर पत्रकावर नैतिकता समितीचा फोन असतो, तिथे कळवा.

२०. आधीच रक्त कमी. त्यात हे लोक किती रक्त घेणार?

एका वेळी शरीरातल्या एकूण रक्ताच्या १ टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, असा मुलांच्या संशोधनातला मान्य संकेत आहे. २० किलोच्या मुलात साधारण १६०० मिली रक्त असतं. म्हणजे एका वेळी १६ मिली ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा, बहुतेक तपासण्यांना पुरतो. रक्तक्षय असलेल्या मुलात याहूनही हात आखडता घ्यावा. आकडा पत्रकात लिहिलेला नसेल तर तो लिहून मागा. शक्य तिथे नेहमीच्या तपासणीच्या वेळीच हे रक्त घ्यायला सांगा, म्हणजे मुलाला दोनदा टोचणार नाहीत.

२१. आमच्या वाट्याला नुसती बिनऔषधाची पुडी आली तर?

येऊ शकते, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत तुम्हाला किंवा डॉक्टरांनाही कळत नाही. गट चिठ्ठीने ठरतात. तसं केलं नाही तर पावसाळा, सुगी, नवं औषध यांमुळे झालेली वाढ आणि पूरक आहारामुळे झालेली वाढ वेगळी काढता येत नाही. पण ज्याचा उपयोग आधीच सिद्ध आहे ते कोणत्याही गटापासून रोखता येत नाही. कुपोषित मुलाला अन्नापासून वंचित ठेवून तुलना करणं मान्य होणार नाही. मिळालेलं पाकीट भावंडांत वाटू नका. लेकरांत भेद करणं जड जातं हे खरं, म्हणून घरातल्या बाकीच्यांसाठीही काही देणार का, ते सुरुवातीलाच विचारा. चांगल्या अभ्यासात याची तरतूद असते.

२२. काल काय खाल्लं ते विचारतात. चांगलं सांगावं की खरं?

खरंच सांगा. भात आणि मिरचीची चटणी एवढंच असेल तर तेवढंच. सगळ्यांनी ‘वरण, भाजी, दूध’ सांगितलं तर कागदावर मुलं पोटभर जेवलेली दिसतात आणि निष्कर्ष निघतो की इथे अन्नाची अडचण नाही. घरातली वाटी आणि पळी दाखवा, म्हणजे माप बरोबर येईल. रानातली बोरं, टेंभरं, शेजारी खाल्लेली पोळी, शाळेतली खिचडी, चहा हे विसरतं, तेही सांगा. लग्न, सण किंवा बाजाराचा दिवस असेल तर तशी नोंद करायला लावा.

२३. नाव बाहेर फुटलं तर पोरीच्या लग्नाला अडचण येईल.

तुमची भीती खरी आहे. नमुन्यांवर आणि फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक असतो, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवायची असते. भेट घरी नको, उपकेंद्रात हवी, असं तुम्ही सांगू शकता. ग्रामसभेत यादी वाचणं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं चालत नाही. फोटोला वेगळी परवानगी लागते, ती नाकारली तरी अभ्यासात राहता येतं.

२४. सिकलसेलबरोबर दुसरा आजारही आहे. तेव्हा हेच सगळं लागू होतं का?

पित्ताशयात खडे असतील आणि जेवल्यावर उजवीकडे दुखत असेल, तर वरून तेल घालण्याचा प्रश्न ३ मधला सल्ला थांबवा. कॅलरी गूळ, केळं, भाकर यांतून वाढवा. लघवीत प्रथिनं जात असतील तर वरण-अंडी नेहमीच्या मापात ठेवा, पावडर नको, मीठ-लोणचं-पापड कमी करा. रक्तदाब मोजून घ्या. हृदय कमजोर असेल किंवा पायावर सूज असेल तर प्रश्न ६ मधला पाण्याचा हिशोब लागू नाही, तो डॉक्टर ठरवतील. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर आहार कमी न करता वाढवायचाच असतो. मात्र आता दोन्ही आजारांची औषधं चालू असतात, म्हणून प्रत्येक भेटीत सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.